ठमी घरी, काका-काकू लंगकावीत: एका ‘कॅट-फ्रेंडली’ सहलीची फाईल

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ माझं तिकिटं आणि टूर्सचं छोटं ऑफिस आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाची मी एक पुठ्ठ्याची फाईल करतो आणि सहल पार पडली की ती रद्दीत घालतो. ही मात्र ठेवलीय. एका शब्दाचे चौघांनी चार अर्थ लावले, त्या चौघांत मीही होतो, आणि त्यापायी काय काय झालं ते सगळं हिच्यात आहे. नावं बाजूला ठेवून लिहितोय. काका-काकूंनी होकार दिलाय. काकूंची अट एकच, ठमीचं नाव बदलायचं नाही.

काका सहकारी बँकेतून निवृत्त, काकू खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. घर शहापुरात, जुनं, कौलारू, मागं परडं. मुलगा पुण्याला. लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून मुलानं पैसे पाठवले आणि सांगितलं, या वेळी गोवा सोडून कुठंतरी जा. आम्हा बेळगावकरांना समुद्र म्हटलं की चोर्ला घाट आणि गोवा, त्यापलीकडं डोकं चालत नाही. पण भाचीनं काकूंना मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. नारळाची झाडं, लाकडी घरं, आणि पायऱ्यांवर, खुर्च्यांवर, जेवणाच्या टेबलाखाली मांजरं. खाली लिहिलेलं: कॅट-फ्रेंडली रिसॉर्ट.

काकूंनी फोन माझ्यापुढं धरला. “इथं मांजर चालतंय म्हणे. ठमीला नेऊया की!”

काका म्हणाले, “आणि पासपोर्ट काढायचा काय तिचा?”

ठमी म्हणजे नऊ वर्षांची, ऑपरेशन झालेली, ५ किलो ८०० ग्रॅमची करडी मांजरी. मी त्या दिवशी हसलो आणि ‘बघतो’ म्हटलं. तिथंच चुकलो. हसण्यावारी न नेता विचारायला हवं होतं की तुम्हाला नेमकं काय हवंय, ठमीबरोबर सुट्टी की मांजरांमध्ये सुट्टी? हा प्रश्न मी विचारला नाही, आणि पुढं तीन आठवडे काकू मनातल्या मनात ठमीची पिशवी भरत होत्या.

काकूंच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ, आपलं मांजर घेऊन जाता येतं. काकांच्या लेखी, जिथं मांजरं मोकाट फिरतात तिथं भाडं कमी असणार (नव्हतं). माझ्या लेखी, खोलीत मांजर शिरलं तर तक्रार करायची नाही एवढं गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवायचं. आणि रिसॉर्टचा स्वतःचा अर्थ यांपैकी एकही नव्हता. त्यांच्याकडं बेटावरची सोडलेली, जखमी झालेली मांजरं सांभाळली जातात, पाहुण्यांच्या पैशातला काही भाग त्यांच्या औषधपाण्याला जातो, आणि बाहेरचं मांजर आत आणायला सक्त मनाई. रोग येतो म्हणून. हे त्यांच्या साईटवर लिहिलेलंच होतं. वाचायचं काम माझं, आणि मी फोटो बघत बसलो.

बेट ठरलं लंगकावी. मलेशियाच्या केडाह राज्यातला हा ९९ बेटांचा पुंजका, थायलंडच्या सरहद्दीला लागून. मालदीवही बघितलं होतं, पण काकांच्या बजेटात बसेना. बोर्निओवरच्या कुचिंगचं नाव भाचीनं सुचवलं. मलय भाषेत मांजराला ‘कुचिंग’ म्हणतात, त्या शहरात चौकाचौकात मांजरांचे पुतळे आहेत आणि मांजरांचं संग्रहालयही. पण ते शहर आहे, काकूंना वाळू हवी होती. लंगकावीत डिसेंबर ते मार्च कोरडा हंगाम असतो. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, फक्त पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनाचा फॉर्म भरायचा. चिनी नववर्षाच्या आसपास तिथं भाडी चढतात, म्हणून संक्रांत झाली की लगेच निघायचं ठरवलं.

आणि मग एक दिवस काकू ठमीचं लसीचं पुस्तक घेऊन ऑफिसात आल्या.

तेव्हा मी नियम काढून बसलो. मांजर परदेशी न्यायचं तर कातडीखाली मायक्रोचिप, रेबीजची लस, केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण खात्याचा दाखला (आपल्याला जवळचं ऑफिस बेंगळुरूला), आणि मलेशियाच्या त्यांच्या तशाच खात्याचा आयात परवाना. एवढं सगळं जमवलं तरी भारतातून आलेल्या मांजराला तिथं किमान ७ दिवस विलगीकरणात ठेवतात. काका-काकूंची सहल सहा रात्रींची. म्हणजे हे दोघं समुद्रावर, ठमी सरकारी पिंजऱ्यात, आणि तिची सुटका होण्याआधी यांचं परतीचं विमान. परत येताना इकडचे कागद पुन्हा वेगळेच.

हे मी वाचून दाखवलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग काका हळूच म्हणाले, “गोव्याची आठवण आहे न्हवं?” दोन वर्षांपूर्वी ते ठमीला गाडीतून गोव्याला घेऊन निघाले होते. चोर्ला घाटातल्या पहिल्या वळणापासून तिनं जो सूर लावला तो गोव्यातल्या साखळी गावापर्यंत, आणि मधे दोनदा ओकली. पुढं दोन दिवस हॉटेलच्या पलंगाखालून बाहेर आली नाही. मांजराला माणसापेक्षा जागेचा लळा जास्त, असं आपल्याकडं म्हणतात. ठमीच्या बाबतीत तरी ते शंभर टक्के खरं निघालं होतं, आणि काकूंना ते ठाऊक होतं. फक्त दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

आता प्रश्न राहिला ठमीला ठेवायचं कुठं. या प्रकरणातला सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नात गेला. विमान, हॉटेल, विमा यांना मिळून दोन दिवस लागले. ठमीला पाच आठवडे.

पहिला बेत, मांजरं-कुत्री ठेवून घेणारी शहरातली एक जागा. स्वच्छ होती, माणसंही चांगली. मी एवढंच सुचवलं की सहलीच्या महिनाभर आधी एक दिवस ठेवून बघा. ठेवलं. शेजारच्या खोलीत कुत्री भुंकत होती आणि ठमी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली. २४ तासांत तिनं पाण्यालाही तोंड लावलं नाही. त्यांच्या नेहमीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तरी बहुधा निभावून नेतं, मांजराचं तसं नसतं. त्यातून लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी उतरून लिव्हरमध्ये साठायला लागते आणि मग त्याला वाचवणं अवघड होतं. सहा दिवसांचा जुगार खेळू नका, घरीच ठेवा आणि दिवसातून दोनदा कुणीतरी जाऊन या, असा त्यांचा सल्ला.

कुणीतरी म्हणजे शेजारच्या अक्का. भिंतीला भिंत लागून घर, ३० वर्षांचा शेजार. अक्का घरी कन्नड बोलतात, काकूंशी मराठी, आणि ठमीशी दोन्ही. ठमी काकूंच्या ‘ये ये’ला येते तशी अक्कांच्या ‘बा बा’लाही येते. चावी द्यायला कुणाचीच ना नव्हती. अडलं भलतीकडंच. ठमीला रोज दुपारी उकडलेला बांगडा आणि भात लागतो, आणि अक्कांचं घर पक्कं शाकाहारी. काकूंना विचारायचा संकोच. शेवटी अक्काच कट्ट्यावर येऊन बोलल्या, “मी बघतो की तिला. पण मीनाला मात्र मी हात लावणार नाही बघा.” (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, मीन म्हणजे मासा, आणि आमच्याकडं बायकाही ‘मी बघतो, मी जातो’च म्हणतात.)

तेव्हा निघण्याआधी तीन आठवडे ठमीला कोरड्या खाण्यावर आणायचं ठरलं. एकदम बदललं तर मांजर रुसतं, म्हणून पहिल्या दिवशी बांगड्यात चार दाणे, मग आठ, मग अर्धं-अर्धं. पंधराव्या दिवशी ठमी नुसते दाणे खायला लागली, पण काकूंकडं न बघता. डब्यावर काकूंनी मापाची छोटी वाटी ठेवली. मातीच्या ट्रेमध्ये घाण दिसली तर तिचाही फोटो पाठवायचा असं अक्कांना सांगितलं, कारण खाल्लं की नाही याचा तोच खरा पुरावा. अक्का आधी खो-खो हसल्या, आणि पुढं सहाही दिवस न चुकता फोटो पाठवले.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सांब्र्याहून सकाळचं विमान धरून त्याच दिवशी बेंगळुरूहून पुढचं गाठता आलं असतं. पण दोन तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसऱ्याचे पैसे बुडतात, म्हणून आदल्या रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला पाठवलं आणि दिवसभर भाचीकडं ठेवलं. निघताना ठमी दारातून आडवी गेली. काका म्हणाले, झालं. काकू म्हणाल्या, घरचं मांजर आडवं जात नाही, निरोप द्यायला येतं. बेंगळुरूहून क्वालालंपूर चारेक तास, तिथून लंगकावी तासाभराचं.

रिसॉर्टनं आधीच एक फॉर्म पाठवला होता. त्यात प्रश्न होता, खोलीत मांजर आलेलं चालेल का? मला वाटलं काका ‘नाही’वर खूण करतील. त्यांनी मला फोन करून विचारलं, “पलंगावर झोपलं तर चालतं काय तिथं? तसा कॉलमच नाही इथं.” ३५ वर्षं काकूंच्या मांजरांना नावं ठेवलेला माणूस हा.

तिथल्या मांजरांच्या शेपट्या बघून काकू पहिल्या दिवशी हळहळल्या. कुणाची अर्धीच, कुणाची टोकाला मोडून वळलेली, कुणाची नुसती गाठ. दारात सापडली असणार बिचाऱ्यांची, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. खरं तर ती जन्मतःच तशी असतात. आग्नेय आशियातल्या मांजरांमध्ये हा पिढीजात गुण आहे, डार्विननंही १८६८ साली मलय मुलखातल्या मांजरांच्या अशा आखूड, गाठाळ शेपट्यांची नोंद केली आहे. बेटावरची बहुसंख्य वस्ती मलय मुसलमान, आणि इस्लाममध्ये मांजर स्वच्छ प्राणी मानतात, त्यामुळं दुकानात, खानावळीत मांजर दिसलं तर कुणी हुसकत नाही. काकूंचा सगळा दिवस यातच जायचा. काका एकटेच केबल कारनं वर जाऊन तो १२५ मीटर लांबीचा वाकडा झुलता पूल बघून आले. काकू म्हणाल्या, मला उंचावर गरगरतं. मला वाटतं गरगरण्यापेक्षा मांडीवरचं मांजर उठवायचं जिवावर आलं असावं.

प्रकरण झालं तिसऱ्या दिवशी सकाळी. तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिथं पावणेनऊ वाजले होते, इथं सव्वासहा. मी दाराची कडी काढून दुधाची पिशवी उचलत होतो आणि फोन वाजला. काका. आवाज चढलेला.

नाश्त्याला नासी लेमाक होतं. नारळाच्या दुधातला भात, तिखट सांबल, काकडी, शेंगदाणे, अंडं आणि वर तळलेली बारीक मासळी, आपल्या सुक्या मांदेलीसारखी. काकू मासे खात नाहीत, ठमीला उकडून घालतात तेवढाच संबंध. ताटातली मासळी वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांनी एकेक करून टेबलाखाली सोडायला सुरुवात केली. टेबलावर कार्ड होतं, ‘जेवताना मांजरांना घालू नये’. इंग्रजीत होतं आणि चष्मा खोलीत होता. पहिल्या दोन मासळ्या मोडक्या शेपटीच्या पांढऱ्या मांजरीनं खाल्ल्या. तिसरीला एक मोठा पिवळा बोका आला. दोघांची जुंपली, आणि मधे काकूंचा हात. मनगटाच्या वर तीन लाल रेघा. रक्त नाही, पण कातडी सोलवटलेली.

काकू म्हणत होत्या, मांजरानं ओरबाडलं त्यात काय एवढं, ठमी आठवड्याला एकदा ओरबाडते, हळद लावतो. काकांना मात्र धीर धरवेना. आणि या एका बाबतीत काकांचंच बरोबर होतं. ठमी घरची, लस झालेली, तिचा दिनक्रम माहीत. हा बोका कोण, कुठला?

मी लगेच आमच्या डॉक्टरांना उठवलं आणि तिघांचा फोन जोडून दिला. त्यांचा पहिला प्रश्न, रक्त आलं का? दुसरा, धुतलं का? हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ लावून. मग आयोडीनचं औषध. त्यानंतर त्यांनी समजावलं ते मी फाईलमध्ये लिहून ठेवलंय. रेबीजच्या हिशोबात संपर्काचे तीन वर्ग असतात. धड कातडीला नुसतं चाटलं तर पहिला, त्यात काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरा, त्यात लस. रक्त आलं, दात रुतला किंवा जखमेवर लाळ लागली तर तिसरा, त्यात लसीबरोबर जखमेभोवती अँटिबॉडीचं इंजेक्शनही. काकूंचा दुसरा वर्ग. “मलेशियात रेबीज असतो काय हो?” काकांनी विचारलं. द्वीपकल्पाचा भाग २०१२ मध्ये रेबीजमुक्त जाहीर झाला होता, पण २०१५ मध्ये पर्लिस, केडाह आणि पेनांगमध्ये पुन्हा निघाला. लंगकावी केडाहातच. डॉक्टर म्हणाले, बेटावर धोका कमी असेलही, पण हा रोग एकदा दिसायला लागला की औषध नाही. लस आजच.

इथून पुढं रिसॉर्टनं जे केलं त्याला मी पूर्ण गुण देतो. मॅनेजर बाईंनी काकूंना कार्ड दाखवून बोल लावला नाही. बोक्याचा कागद काढून दिला. फोटो, कानाच्या टोकाची खूण, नसबंदी कधी, रेबीजची लस कधी. मग बोक्याला वेगळ्या जाळीत हलवलं, कारण चावणारं किंवा ओरबाडणारं मांजर दहा दिवस डोळ्यांपुढं धडधाकट राहिलं तर ओरबाडताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. रस्त्यावरच्या मांजराच्या बाबतीत ही सोय नसते. ते सापडलं तर ना! माझ्या मते कॅट-फ्रेंडली या शब्दाचा पाचवा आणि सगळ्यात कामाचा अर्थ हाच, की तिथल्या प्रत्येक मांजराची फाईल असते.

पहिला डोस त्याच दुपारी तिथल्या दवाखान्यात, दंडात. दुसरा तिसऱ्या दिवसाचा, म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी. मी काकांना बजावलं की लसीचं नाव, बॅच नंबर आणि कशी टोचली ते लिहून घ्या. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत बहुतेक वेळा कातडीत दोन जागी थोडी-थोडी टोचतात, तिचं वेळापत्रक वेगळं. मधेच पद्धत बदलायला नको, म्हणून सातव्या दिवसाचा डोस बेळगावात खासगीत, दंडातच घेतला.

विम्याचं काय झालं? काही नाही. पॉलिसीत पहिले १०० डॉलर गिऱ्हाइकाचे असतात, आणि तिथल्या दोन डोसांचं बिल त्याच्या आतच बसलं. काका चिडले. पण पॉलिसी विकताना मीच ती ओळ भरभर वाचली होती, तेव्हा कंपनीला नावं ठेवायला मला तोंड नाही. आता मी ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवतो.

उरलेल्या दिवसांत काकू मांजरांपासून लांब राहिल्या असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. फक्त जेवताना हात मांडीवर. संध्याकाळी बाहेरच्या लाकडी कट्ट्यावर त्यांच्या एका बाजूला ती पांढरी मांजरी आणि हातात फोन. फोनवर अक्कांचा फोटो, रिकामी वाटी. त्यानंतर दुसरा फोटो, ट्रे. पहिले दोन दिवस ठमी माळ्यावरून उतरलीच नव्हती, रात्री येऊन खाऊन परत वर. तिसऱ्या दिवशी अक्कांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला: “बंदळू, बंदळू!” आली, आली. मागं ठमीचं गुरगुरणं. काकूंनी तो आवाज काकांना चार वेळा ऐकवला.

परत आल्यावर अक्कांना चॉकलेटांचा डबा. लंगकावी १९८७ पासून करमुक्त, त्यामुळं तिथून येणारा प्रत्येक जण चॉकलेटंच आणतो. दोघांचा एकूण खर्च दोन लाखांच्या थोडा आत राहिला, लसीसकट.

दहाव्या दिवशी, शनिवारी, काकू फोन घेऊन ऑफिसात आल्या. मॅनेजर बाईंनी बोक्याचा फोटो पाठवला होता. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रावर पाय ठेवून बसलेला, तोंडावर जगाचा राग. आम्ही तो तसाच डॉक्टरांना पाठवला. त्यांनी चौदाव्या दिवसाचा डोस गाळला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा दिला, म्हणजे घेतलेलं वाया न जाता पुढच्यासाठीचं संरक्षण म्हणून उपयोगी पडतं. पुन्हा कधी ओरबाडलं तर काकूंना दोनच डोस पुरतील, आणि काकूंचं एकंदर बघता ते लागतील.

ठमीनं बॅग हुंगली, फिस्कारली, आणि तीन दिवस काकूंच्या जवळ आली नाही. चौथ्या दिवशी बॅगेतच जाऊन झोपली. बांगडा पुन्हा सुरू झालाय. पण रोज चारच्या सुमाराला ती भिंतीवरून उडी मारून अक्कांच्या कट्ट्यावर जाऊन बसते आणि दिवे लागल्याशिवाय घरी येत नाही. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज जरा पडलेला होता. मग म्हणाल्या, “पुढच्या संक्रांतीनंतरचं बघून ठेव. अक्का हो म्हणालेत.”